बदललेला दोषारोप आणि ‘समजावून सांगणे’

फौजदारी खटल्यात न्यायनिर्णय उच्चारला जाईपर्यंत केव्हाही दोषारोपात फेरबदल करण्याचा अथवा त्यात भर घालण्याचा अधिकार न्यायालयास आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम २१६ ची ही तरतूद १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम २३९ म्हणून आली आहे. केलेला फेरबदल आरोपीस वाचून दाखवावा व समजावून सांगावा, असे हे कलम म्हणते. वाचून दाखविणे आणि समजावून सांगणे या भिन्न क्रिया होत. कायद्याने दोन्ही मागितल्या असता व्यवहारात दुसरी पहिलीत विरून जाते, ही भाषाभ्यासकास खटकणारी गोष्ट आहे.

आधी परिभाषेविषयी. तपासाअंती पोलीस सादर करतात ते दोषारोपपत्र. न्यायालय स्वतः निश्चित करते तो दोषारोप. वृत्तपत्रे दोहोंस सरसकट ‘आरोप’ म्हणतात. परंतु येथे फेरबदल होतो तो दोषारोपात, आणि आरोपीस उत्तर द्यावयाचे असते तेही त्यालाच.

एका शब्दाने बचाव कसा पालटतो, हे मुंबईच्या एका सुपरिचित खटल्यावरून दिसते. सप्टेंबर २००२ मध्ये वांद्रे येथे झालेल्या मोटार-अपघातात एकाचा मृत्यू झाला व चौघे जखमी झाले. अभिनेते सलमान खान यांच्यावर दंडाधिकाऱ्यापुढे खटला चालला तो हयगयीने मृत्यूस कारण झाल्याबद्दल. त्यास शिक्षा फार तर दोन वर्षांची. पुरावा बराच नोंदला गेल्यावर, २०१३ मध्ये, प्रकरण सत्र न्यायालयाकडे गेले. आता आरोप सदोष मनुष्यवधाचा होता व शिक्षेची मर्यादा दहा वर्षांची. रात्र तीच, मोटार तीच. पण ‘हयगय’ या शब्दाच्या जागी ‘जाणीव’ आली. पहिल्या शब्दाने विचारले जाते, योग्य ती काळजी घेतली होती काय? दुसऱ्याने विचारले जाते, या कृत्याने माणूस मरण्याचा संभव आहे हे कर्त्यास ठाऊक होते काय? पहिल्या प्रश्नापुरती उलटतपासणी घेणारा वकील दुसऱ्याविषयी साक्षीदारास काही विचारीलच, असे नाही. म्हणून डिसेंबर २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने खटला नव्याने चालविण्याचा आदेश दिला. मे २०१५ मध्ये दोषसिद्धी झाली व त्याच वर्षी डिसेंबरात उच्च न्यायालयाने आरोपीस निर्दोष ठरविले. इतक्या वर्षांचा पुरावा बाजूस सारणे अनेकांस अपव्यय वाटले. मला तो आदेश योग्यच वाटतो.

याउलट, अॅलिस्टर परेरा खटल्यात दोषारोपात मद्यप्राशनाचा उल्लेख नव्हता, तरी त्यामुळे न्याय डावलला गेला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ठरविले. केवळ रचनेतील उणिवेने खटला कोसळत नाही, आरोपीचे प्रत्यक्ष नुकसान झाले काय ते पाहावे, हे १९५५ च्या विली स्लेनी प्रकरणापासूनचे सूत्र आहे. सूत्र समंजस खरे. मात्र आपल्याविरुद्ध काय म्हटले जात आहे हे आरोपीस कळले होते, असे त्यात गृहीत धरावे लागते.

हे गृहीतक माहूर-किनवटच्या डोंगराळ भागात आणून पाहावे. निजामी अमदानीत येथल्या माणसाने न्यायालयात उर्दू ऐकली; आज तो मराठी ऐकतो. परंतु येथील कित्येकांच्या घरची भाषा कोलामी, गोंडी किंवा बंजारा आहे. पहिल्या दोन तर द्राविडी कुळातील होत. अशा आरोपीस ‘हयगय’ जाऊन ‘जाणीव’ आली, हे प्रमाण मराठीत वाचून दाखविले तर कायद्याचे अर्धेच काम झाले. दुभाष्याने शब्दास शब्द ठेवूनही ते पुरे होत नाही. कारण ‘सदोष मनुष्यवध’ हा जोडशब्द मराठी बोलणाऱ्यासही उलगडून सांगावा लागतो. येथे उदाहरणच उपयोगी पडते: बैल मोकळा सुटू दिला ही हयगय, मारका आहे हे ठाऊक असून भरल्या बाजारात सोडला ही जाणीव.

कोलामीचे एमेनोकृत व्याकरण १९५५ मध्येच प्रसिद्ध झाले. न्यायालयीन संकल्पना या भाषांत कशा सांगता येतील याचा संग्रह आपल्या विभागातील विद्यार्थ्यांनी क्षेत्रकार्यातून करावा. त्याचबरोबर, बदललेला दोषारोप समजावल्यावर आरोपीने तो स्वतःच्या भाषेत पुन्हा सांगावा व त्याचे ते शब्द नोंदले जावेत. पूर्वीचे साक्षीदार परत बोलावण्याची मुभा कायद्याने दोन्ही पक्षांस दिलेली आहे; कोणास बोलवावयाचे, हे आरोपीस त्यानंतरच वकिलास सांगता येईल.