समुद्रातल्या डोंगरावरचं कोबाल्ट कोणाचं?

रेवदंड्याला ट्रिपला गेलात, तर एका रशियन माणसाचं स्मारक नक्की बघा. अफनासी निकितिन हा व्यापारी पंधराव्या शतकात विकायला घोडा घेऊन शेजारच्या चौल बंदरात उतरला होता. त्याच्या नावाचा एक डोंगर हिंदी महासागरात आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला, विषुववृत्ताच्याही खाली. ४०० किलोमीटर लांब, १५० किलोमीटर रुंद, पण अख्खा पाण्यात. तिथे समुद्राचा तळ साधारण ४,८०० मीटर खोल आहे आणि डोंगराचा माथा सुमारे १,२०० मीटर खोलीवर.

या डोंगराला भाव आलाय तो त्याच्या अंगावरच्या काळ्या थरामुळे. समुद्राच्या पाण्यात मँगनीज आणि लोह विरघळलेलं असतं. त्यांचे बारीक कण तयार होऊन उघड्या खडकाला चिकटत राहतात आणि पाण्यातलं कोबाल्ट, निकेल, प्लॅटिनमही ओढून घेतात. डोंगरउतारावर पाण्याचा प्रवाह गाळ साचू देत नाही, म्हणून खडक उघडा राहतो आणि थर चढत जातो.

पण स्पीड विचारू नका! १० लाख वर्षांत फक्त १ ते ५ मिलिमीटर. तुमचं नख महिन्याभरात जेवढं वाढतं, तेवढ्या थराला किमान सहा लाख वर्षं लागतात.

आता यात आपला काय संबंध? तुमच्या मोबाइलच्या बॅटरीत कोबाल्ट असतं. जगातलं बहुतेक कोबाल्ट एकट्या काँगोच्या खाणींतून येतं. एकाच देशावर अवलंबून राहणं कोणालाच परवडत नाही, म्हणून सगळ्यांची नजर समुद्राकडे वळली आहे. जानेवारी २०२४ मध्ये भारतानेही निकितिन डोंगरावर संशोधनाची परवानगी मागितली. हा अर्ज जमैकातल्या किंग्स्टनला गेला, कारण कोणत्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या समुद्रतळाचा कारभार बघणारी आंतरराष्ट्रीय संस्था तिथे आहे. पण हाच भाग आपल्या हद्दीत येतो, असा श्रीलंकेचा दावा आहे. तो त्यांनी २००९ मध्येच संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे मांडलाय.

हद्दीचा प्रश्न उद्या सुटेलही. पुढचा जास्त अवघड आहे. समुद्रतळावर सुटे पडलेले मँगनीजचे गोळे निदान उचलता तरी येतात. हा थर मात्र खडकाला घट्ट चिकटलेला. तो खरवडायचा म्हणजे त्यावर वाढलेले प्रवाळ आणि स्पंजही गेले. यातले काही प्रवाळ शेकडो वर्षं जगतात. उडालेला गाळ प्रवाहाबरोबर कुठपर्यंत जाईल, तेही बघावं लागेल.

म्हणून ‘संशोधन’ आणि ‘खाणकाम’ हे दोन शब्द बातमीत वेगवेगळे वाचा. भारताने मागितलंय ते संशोधन, आणि ते व्हायलाच हवं. तिथे काय आहे, काय जगतं हे माहीत नसेल तर ‘हो’ म्हणणं चूक आणि ‘नाही’ म्हणणंही अंदाजपंचे. जिऑलॉजी, मरीन बायॉलॉजी किंवा लॉ शिकत असाल, तर यात करिअरही आहे. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, तिथलं काम बघा.

आणि बाकीच्यांनी? घरातला ड्रॉवर उघडा. बंद पडलेले दोन-तीन फोन सापडतील. त्यांच्या बॅटऱ्यांतलं कोबाल्ट पुन्हा वापरता येतं. ते ई-कचरा घेणाऱ्या केंद्रात देऊन या. त्यासाठी समुद्रात उतरावं लागत नाही.