तलफेवर चढणीचा उतारा

मार्गासनीतील माझ्या दवाखान्यासमोरून नसरापूर-वेल्हे रस्ता जातो. पहाटे साडेपाचच्या सुमारास, राजगड अजून अंधारात असतो तेव्हा, या रस्त्यावर पावलांचे आवाज सुरू होतात. पोलीस भरतीची तयारी करणारी आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील मुले १६०० मीटरचा आणि मुली ८०० मीटरचा सराव करीत असतात. दिवेलागणीनंतर त्याच रस्त्यापासून थोड्या अंतरावर, नदीकडच्या झाडीत, दुसरा एक घोळका बसलेला दिसतो. वय तेच, गावे तीच, कित्येकदा आडनावेही तीच. तेथे गांजाची पुडी सुटते, सिगारेटमधली तंबाखू तळहातावर काढली जाते आणि दोन्ही मिसळून पुन्हा भरली जाते.

या दोन घोळक्यांमधले अंतर एखाद्या मुलाला कापता येईल का, हा प्रश्न गेली काही वर्षे माझ्या मनात आहे. आजचा लेख त्याविषयी आहे.

माझी चूक

काही वर्षांपूर्वी एक माऊली बाविशीतल्या मुलाला घेऊन आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ‘‘डॉक्टरसाहेब, पोरगं रातभर जागं असतंय, जेवत न्हाई, बोलाय गेलं की अंगावर येतंय. पित्त वाढलंय बहुतेक,’’ असे तिचे म्हणणे. मुलगा पुण्याजवळच्या एका कारखान्यात कंत्राटी कामावर होता. काम सुटल्याने घरी परतला होता. आईला बाहेर बसवून विचारले, तेव्हा त्याने सरळ सांगितले, ‘‘रोज पाच-सहा सिगारेटी होत होत्या. चार दिवस झाले, पैसे नाहीत म्हणून बंद आहे.’’

मी त्याला अर्धा तास उपदेश केला. आईचे कष्ट, घराण्याचे नाव, मनोनिग्रह, सारे काही सांगितले. झोपेच्या चार गोळ्या दिल्या आणि ‘आता हात लावायचा नाही’ असे बजावले. तो मान हलवून गेला आणि सात महिने माझ्या दवाखान्याची पायरी चढला नाही. त्याने काय करू नये, ते मी सांगितले होते. तलफ येईल त्या घटकेला त्याने काय करावे, ते मात्र सांगितले नव्हते.

गांजा सोडताना शरीरात काय घडते

‘गांजा नैसर्गिक आहे, शंकराचा प्रसाद आहे, त्याचे व्यसन लागत नाही,’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकले आहे. गांजा ओढणाऱ्या प्रत्येकाला व्यसन लागते असे नाही, हे खरे. परंतु रोज ओढणाऱ्याने अचानक थांबविले, तर एक ते तीन दिवसांत चिडचिड, अस्वस्थता, भूक मंदावणे, झोप उडणे, विचित्र स्वप्ने पडणे आणि घाम येणे सुरू होते. पहिल्या आठवड्यात हा त्रास सर्वाधिक असतो. साधारण दोन आठवड्यांत तो ओसरतो. झोपेची तक्रार मात्र महिनाभर किंवा त्याहून अधिक रेंगाळू शकते. त्या माऊलीला जे ‘पित्त’ वाटले, ते हेच होते.

भारत सरकारसाठी ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी सर्वेक्षणाचा अहवाल २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस यांपैकी काही घेतलेले सुमारे ३.१ कोटी भारतीय आढळले आणि त्यांपैकी सुमारे ७२ लाख जणांना या सवयीसाठी मदतीची गरज होती. आपल्या घरातील मुलगा या संख्येत असेल, तर तो जगावेगळा गुन्हेगार नाही, हे आधी मनाशी पक्के करावे.

आणखी एक गोष्ट. १९९२ मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील राफाएल मेकुलम यांच्या संशोधक गटाने मेंदूतच तयार होणारे एक द्रव्य शोधून काढले. गांजातील मादक घटक मेंदूतील ज्या ग्राहींना चिकटतो, त्यांनाच हेही चिकटते. या द्रव्याला त्यांनी आपल्या संस्कृत शब्दावरून नाव दिले : आनंदामाइड. मध्यम वेगाने काही काळ धावल्यानंतर किंवा सायकल चालविल्यानंतर रक्तातील या द्रव्याचे प्रमाण वाढते, असे पुढे दिसून आले. घाम गाळल्यानंतर येणाऱ्या हलकेपणात त्याचाही वाटा असावा. हे हलकेपण गांजाच्या नशेइतके तीव्र नसते, हे मुलांना आधीच सांगावे. अन्यथा पहिल्याच दिवशी त्यांची निराशा होते.

दहा वेळा, तीस मिनिटे

अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने २०११ मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गांजावर अवलंबून असलेले, पंचविशीच्या आसपासचे बारा तरुण-तरुणी होते. बैठे जीवन जगणारे आणि व्यसनावर उपचार घेण्याची इच्छा नसलेले असे हे लोक. ते दिवसाला सरासरी ५.९ सिगारेटी ओढत. दोन आठवड्यांत त्यांना दहा वेळा, प्रत्येकी तीस मिनिटे, ट्रेडमिलवर चालविले अथवा पळविले. त्या काळात सरासरी २.८ वर आली आणि तलफही कमी झाली. व्यायामाचे सत्र संपल्यानंतरच्या दोन आठवड्यांत मात्र हीच सरासरी पुन्हा ४.१ वर गेली.

या आकड्यांचा अर्थ नीट लावला पाहिजे. माणसे अवघी बारा. तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गट नव्हता. पुढच्या काळातील अशा प्रयोगांचे निष्कर्षही संमिश्र आहेत. म्हणून ‘व्यायामाने गांजा सुटतो’ असे विधान मी करणार नाही. परंतु सोडण्याचे मनातही नसलेल्या माणसांचे प्रमाण घटले, ही बाब मला मोलाची वाटते. व्यायाम थांबल्यावर आकडा पुन्हा चढला, यातूनही धडा घेण्याजोगा आहे : जोपर्यंत चालणे आहे, तोपर्यंतच गुण आहे.

‘आमचा मुलगा भातलावणीत दिवसभर राबतो, त्याला वेगळा व्यायाम कशाला?’ असे आपल्यापैकी काही जण विचारतील. चिखलात वाकून केलेले काम कष्टाचे असते, यात शंका नाही. तथापि त्यात हृदयाची गती सलग अर्धा तास एका पातळीवर राहतेच असे नाही आणि प्रत्येक विसाव्याला तंबाखूची चंची सुटते. येथे सांगितलेला व्यायाम शरीर कमावण्यासाठी नाही. तलफेच्या वेळी शरीराला दुसरे काम देण्यासाठी तो आहे.

करावयाचे काय?

वेळ : ज्या वेळी ओढण्याची सवय आहे, तीच वेळ व्यायामासाठी निवडावी. बहुतेकांची ती सायंकाळची असते. पहाटे धावून सायंकाळी घोळक्यात बसणारी मुले मी पाहिली आहेत. मात्र झोपण्यापूर्वी किमान दोन तास जोराचा व्यायाम संपलेला असावा.

गती : चालताना बोलता यावे, पण गाणे म्हणता येऊ नये, ही सोपी कसोटी. आपल्याकडे सपाट रस्ता थोडा आणि चढण फार. भरभर चढण चालले की ही गती आपोआप येते.

प्रमाण : आठवड्यातून पाच दिवस, तीस मिनिटे. पहिल्या आठवड्यात दम लागत असेल, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे करावेत.

अचानक आलेली तलफ : तलफ लाटेसारखी चढते आणि बहुधा पंधरा ते तीस मिनिटांत उतरते. त्या वेळी खोलीत बसून तिच्याशी झुंजू नये. पायांत चप्पल असो की बूट, घराबाहेर पडावे आणि घोळक्याच्या उलट दिशेने चालू लागावे.

वही : दिवसाकाठी किती ओढल्या, तलफ शून्य ते दहापैकी किती होती, झोप किती तास लागली आणि किती चालणे झाले, एवढ्या चारच नोंदी ठेवाव्यात. ही वही मुलाची असते. पालकांनी ती चोरून वाचू नये.

तंबाखू : आपल्याकडे गांजा बहुधा तंबाखूत मिसळून ओढला जातो. त्यामुळे तलफ दुहेरी असते. गांजा घटला म्हणून साध्या सिगारेटी वाढल्या नाहीत ना, याकडे लक्ष ठेवावे.

एक सावधगिरी अत्यंत महत्त्वाची. ओढल्यानंतर लगेच धावू नये, गड चढू नये, दुचाकी चालवू नये. गांजाने नाडी जलद होते आणि अंतराचा व तोलाचा अंदाज चुकतो. राजगडाच्या बालेकिल्ल्याच्या कातळावर अशी चूक परवडत नाही. छातीत दुखणे, चक्कर येणे, दमा किंवा घरात कमी वयात हृदयविकाराचा इतिहास असल्यास आधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावे.

व्यायाम जेथे पुरत नाही

मुलाला कोणी नसताना आवाज ऐकू येत असतील, ‘सगळे माझ्या वाईटावर आहेत’ असे तो बोलत असेल, जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा करीत असेल किंवा इतर मादक द्रव्ये घेत असेल, तर चालणे-धावणे बाजूला ठेवून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. गांजाच्या सेवनाने काही तरुणांत गंभीर मानसिक आजार उद्भवू शकतो आणि उशीर महागात पडतो. गांजाची तलफ घालविणारे मान्यताप्राप्त औषध आजमितीस नाही. समुपदेशन हाच उपचाराचा कणा आहे. म्हणून चहातून गुपचूप द्यावयाच्या पुड्यांच्या जाहिरातींना भुलू नये.

पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या साहाय्याने ते उभे केले. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठीची १४४१६ या दूरध्वनी सेवा निःशुल्क आहेत.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ कुटुंबे डॉक्टरांकडे येत नाहीत. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे आणि सेवन करणे गुन्हा आहे, हे खरे. पण त्याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने शासकीय अथवा मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते. शिवाय आपण विश्वासाने सांगितलेली गोष्ट डॉक्टरने गुप्त ठेवावयाची असते.

पालकांना विनंती

मुलगा चालायला निघाला की ‘आता कुठे उंडारायला चाललास?’ असे विचारू नका. शक्य असेल तर वडिलांनी, थोरल्या भावाने किंवा मामाने सोबत जावे. उपदेश मात्र घरी ठेवावा. परतल्यावर गरम भाकरी ताटात असू द्या, कारण त्या दिवसांत हरवलेली भूक चालण्याने थोडीफार परत येते. त्याने पाचांच्या तीन केल्या, तर उरलेल्या तिन्हींचा हिशेब मागण्याआधी घटलेल्या दोनांची दखल घ्या.

तो मुलगा सात महिन्यांनी परत आला, तेव्हा मी उपदेश केला नाही. ‘‘तलफ किती वाजता येते?’’ एवढेच विचारले. ‘‘साडेसहाला,’’ तो म्हणाला. साडेसहाला त्याने मार्गासनीहून साखरच्या रस्त्याने चालू लागायचे आणि पंधरा मिनिटांनी मागे फिरायचे, असे ठरले. त्याचा चुलतभाऊ सोबतीला आला. वही अधूनमधून कोरी राहिली. पहिल्या महिन्यात आकडा निम्म्यावर आला. गावच्या जत्रेत तो मूळपदावर गेला आणि मुलगा आठ दिवस तोंड लपवून बसला. चुलतभावानेच त्याला पुन्हा रस्त्यावर काढले.

आज तो पूर्ण सुटला आहे, असे लिहिता आले असते तर मला आनंद झाला असता. महिन्यातून एखाद-दुसऱ्या वेळी तो अजून ओढतो आणि तसे मला सांगतो. पुन्हा नोकरीला लागला आहे. त्याची आई परवा गुडघेदुखीसाठी आली होती. जाताना दारात थांबून म्हणाली, ‘‘झोपतंय आता पोरगं.’’ मग हळूच विचारले, ‘‘धाकट्यालाबी संगं धाडू का चालायला?’’

मी म्हटले, ‘‘धाडा. आजच धाडा.’’