पिकाच्या राखणीला एकच बंदूक, मग ती कोणत्या बोअरची?

तुरीच्या शेंगा भरू लागल्या आणि हरभऱ्याला घाटे धरले, की गावोगावच्या बैठकीत खत-औषधाचे प्रश्न मागे पडतात आणि एक प्रश्न हमखास पुढे येतो. "साहेब, बंदुकीचा परवाना काढावा म्हणतो. बारा बोअर घेऊ का तीनशे पंधरा?" विचारणाऱ्याच्या वावरात डुकरांनी एका रात्रीत ज्वारी आडवी केलेली असते, नाहीतर रोह्यांच्या कळपाने हरभऱ्याचे शेंडे खुडून नेलेले असतात. दोन बंदुका घ्यायची ऐपत नसते. त्याला अशी एकच पाहिजे असते, जी डुकरालाही चालेल आणि रोह्यालाही. हा प्रश्न काही कृषी खात्याच्या पुस्तिकेतला नव्हे. पण दुकानात मिळणारे उत्तर विकणाऱ्याच्या सोयीचे असते, म्हणून इथे चार गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट कायद्याची. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे, ही दोन कागदपत्रे वेगळी आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, म्हणजे १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी अनुसूची २ मध्ये आहेत. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली त्यांच्यापुरती लेखी परवानगी मिळू शकते. महाराष्ट्रात २०१५ च्या शासन निर्णयानुसार यासाठी वनक्षेत्रपालाकडे अर्ज करायचा असतो. त्याच्या अटी त्या कार्यालयात जाऊनच विचाराव्यात, ऐकीव माहितीवर राहू नये. काळवीट आणि मोर अनुसूची १ मध्ये आहेत. त्यांनी कितीही पीक खाल्ले तरी त्यांच्याकडे नळी वळवायची नाही. सशाला, तितराला "बारका जीव आहे, चालते" असे गावात म्हणतात, तेही चालत नाही. थोडक्यात, आपल्या प्रश्नातली जनावरे दोनच उरली.

आता आकड्यांचा घोळ. बारा आणि तीनशे पंधरा हे आकडे एका मापाचे नाहीत, त्यामुळे "तीनशे पंधरा मोठी" असा समज होतो. एक पौंड, म्हणजे सुमारे ४५३ ग्रॅम शिशाच्या सारख्या बारा गोळ्या केल्या, तर त्यातली एक गोळी ज्या नळीत बसेल ती बारा बोअर. म्हणून वीस बोअरची नळी बारापेक्षा बारीक असते. बाराची नळी आतून साधारण १८.५ मिलिमीटर आणि गुळगुळीत असते. ३१५ म्हणजे इंचाचा ०.३१५ भाग, सुमारे ८ मिलिमीटर. तिच्या नळीत आटे असतात, त्यामुळे गोळी भोवऱ्यासारखी फिरत सरळ आणि लांब जाते. पहिली ती बंदूक, दुसरी ती रायफल. हा फरक पुढे फार कामाचा आहे.

एकच रायफल आणि अनेक प्रकारची जनावरे हा वाद परदेशात फार जुना आहे. अमेरिकेत १९०६ साली लष्करासाठी निघालेले थर्टी-ओ-सिक्स काडतूस तिथले शिकारी आजही हरणापासून मोठ्या सांबरवर्गीय जनावरापर्यंत वापरतात. रायफल तीच, फक्त गोळीचे वजन बदलायचे. आपल्याकडे ही सोय बारा बोअरमध्ये आहे. बंदूक तीच, काडतूस बदलायचे.

पण आपल्या मंडळींचे मन ३१५ वर बसलेले असते. लष्कराच्या ३०३ चे काडतूस खासगी माणसाच्या हाती पडू नये या इंग्रजी धोरणातून ही रायफल आपल्या देशात रुजली, आणि पुढे सरकारी आयुध निर्माणीत तयार होऊ लागली. तिची गोळी सुमारे १६ ग्रॅमची. रोह्याचा भरलेला नर २०० किलोच्या वर जातो, त्यालाही ती पुरते. दिवसाढवळ्या दीडशे मीटरवर उभा राहून हरभरा खाणारा रोही बाराच्या टप्प्यात येत नाही, ३१५ च्या येतो. शेतकऱ्याचे हे म्हणणे खोटे नाही.

मग अडचण कुठे? अडचण चुकलेल्या गोळीची आहे. ३१५ ची चुकलेली गोळी दोन किलोमीटरच्या पुढेही जीव घेऊ शकते. आपली शेते कशी आहेत ते डोळ्यांसमोर आणा. सपाट काळी जमीन, दोन-दोन एकरांचे तुकडे, दर चौथ्या वावरात कोणीतरी जागलीला बसलेला, पलीकडे पांदण, तिच्यापलीकडे तांडा नाहीतर वस्ती. रात्री पाणी द्यायला मोटरीवर गेलेला माणूस वेगळाच. तुमच्या धुऱ्यापलीकडे दोन किलोमीटरपर्यंत कोण कुठे बसला आहे हे तुम्हाला ठाऊक आहे का? डोंगराच्या कुशीत शेत असेल आणि गोळी मातीच्या उभ्या टेकाडात जाईल अशी जागा असेल, तर गोष्ट वेगळी. सपाटीवर मात्र पिकाच्या राखणीला रायफल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कायद्याचा कलही तिकडेच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक सांगितली आहे. ती पुरेशी नाही असे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला पटले, तर किमान २० इंच नळीची दुसरी गुळगुळीत बंदूक. रायफलचे नाव तिथे नाही. स्वसंरक्षणासाठी म्हणून रायफल काढायची आणि ती जागलीला न्यायची, हा उद्योग अंगाशी येतो.

पॉइंट टू-टूबद्दल जास्त लिहीत नाही. आवाज कमी, काडतूस स्वस्त, म्हणून काहींना मोह होतो. तिने डुक्कर मरत नाही, जखमी होते. जखमी डुक्कर तुरीत दडून बसते आणि सकाळी शेंगा तोडायला गेलेल्या बाईवर निघते. शिवाय ही एवढीशी गोळीसुद्धा दीड किलोमीटर जाते.

राहिली बारा बोअर. दुनळी मिळाली तर उत्तम, कारण दुसरा बार लगेच हाताशी असतो. ठासणीची असेल तर एका बारानंतर आपण मोकळे आणि जनावर समोर. बाराची खरी किल्ली काडतुसात आहे. ४ आणि ६ नंबरचे बारीक छर्रे पाखरांसाठीचे, ते डुकरावर कधीही मारू नयेत. मोठ्या नर डुकराच्या खांद्यावरची कातडी ढालीसारखी जाड असते, त्यात ते रुतून बसतात. डुकराला एल.जी. पाहिजे. त्यात सुमारे ९ मिलिमीटरचे मोजकेच छर्रे असतात. एस.जी. त्याच्या खालचे. पण अंतर? पंचवीस-तीस मीटर. त्यापुढे छर्रे इतके फाकतात की एखादाच लागतो आणि तो मारत नाही, नुसता पळवतो. तीस मीटर म्हणजे किती, हे दिवसा पावलांनी मोजून धुऱ्यावर खूण करून ठेवा. रात्री अंतराचा अंदाज चुकू शकतो.

एल.जी. चे छर्रेही अर्ध्या किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतात. तेव्हा बारा बोअर म्हणजे निर्धोक, असे समजू नका. फक्त हा धोका आपल्या नजरेच्या आवाक्यात राहतो, रायफलचा राहत नाही.

रोह्यासाठी एकगोळी काडतूस, तेही पन्नास मीटरच्या आत. तुमच्या बंदुकीच्या नळीला चोक असेल, म्हणजे तोंडाशी ती थोडी आवळलेली असेल, तर एकगोळी भरण्यापूर्वी परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला दाखवून घ्या. "पण साहेब, रोही पन्नास मीटरवर येतो कुठे?" येतो. रोही लेंड्या टाकायला पुन्हापुन्हा एकाच जागी येतो, तिथे ढीग झालेला दिसतो, आणि त्याची वाटही बरीचशी ठरलेली असते. त्या वाटेवर, वारा आपल्या तोंडावर येईल अशा बाजूला बसा. डुकराची नजर मंद, पण नाक भारी तिखट. वारा पाठीवर असेल तर रात्रभर बसून हाती काही लागणार नाही. ते बहुधा नाल्याच्या कडेने किंवा पऱ्हाटीच्या आडोशाने वावरात शिरते.

बसायचे मचाणावर. जनावर लवकर दिसते हा एक फायदा झाला, पण मोठा फायदा दुसराच आहे. उंचावरून मारलेला बार खाली जातो आणि मातीत मुरतो. जमिनीवर बसून आडवा मारलेला बार शेजाऱ्याच्या वावरात जातो. मुरमाड, गोटाळ रानात मात्र गोळी दगडावरून उसळते, तिथे मचाणावरूनही जपून. बॅटरीच्या उजेडात डोळे चमकले म्हणून घोडा दाबू नका. बैलाचे डोळे चमकतात, कुत्र्याचेही चमकतात. आणि घोंगडी पांघरून तुरीत बसलेला माणूस अंधारात डुकरासारखाच दिसतो. पूर्ण जनावर ओळखू आल्याशिवाय बार नाही. त्या रात्री कोण कुठल्या वावरात जागलीला आहे, हे संध्याकाळीच पारावर एकमेकांना सांगा. परवानगी मिळालेल्या दिवसांत पोलीस पाटलांनी दवंडी दिली तर आणखी बरे.

बैलगाडीत, मोटरसायकलवर भरलेली बंदूक नको. धुरा ओलांडतानाही दुनळी मोडून, काडतुसे काढून हातात घ्यावी. काडतुसे पावसाळ्यात कोरड्या डब्यात ठेवा, फुगलेले काडतूस जोर लावून नळीत कोंबू नका.

बंदूक नाही म्हणून कुंपणाच्या तारेत घरचा वीजप्रवाह सोडणे, कणकेत गावठी बॉम्ब ठेवणे, फास लावणे हे प्रकार मात्र बंद झाले पाहिजेत. फास आणि विष हीसुद्धा कायद्याने शिकारच आहे, आणि तारेला चिकटून माणसे मरतात ती बहुतेक आपल्याच गावची असतात. नुसत्या हुसकावणीने भागत असेल तर तेच करा. नुकसान झाले असेल तर वन कार्यालयात लगेच अर्ज देऊन पंचनामा करून घ्या, भरपाईचा हक्क बंदूक असो-नसो, तुमचा आहेच.

परवानगीने जनावर मारले तर ते शासनाच्या मालकीचे होते. जागेवरच ठेवून वन कार्यालयाला कळवा. वाटे घालून घरोघरी पोचवले, तर परवानगी असूनही गुन्हा दाखल होतो.

परवान्याचा अर्ज जिल्हाधिकारी कार्यालयात करायचा. अभयारण्याच्या १० किलोमीटरच्या आत राहत असाल तर नव्या परवान्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते, तेवढा वेळ धरून चाला. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत ५ वर्षे आहे. आणखी एक, निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. ऐन हरभऱ्यात तसे झाले तर राखणीची दुसरी सोय आधीच करून ठेवा, आणि जमा केल्याची पावती परवान्याच्या पुस्तकात जपून ठेवा.