अक्षरांचा घोळ आणि त्यावरील उपाय : जुन्या मराठी-उर्दू मजकुराच्या संदर्भात

प्रास्ताविक

डिचोलीची नमाजगाह, इथला नवा सोमवार, पेडण्याची पुनव अशा विषयांवर हौशी अभ्यासक आपापल्या संगणकावर लिहून ठेवतात. पाठ्यपुस्तकात न मिळणारी ही माहिती विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी उपयोगी पडते. परंतु जुनी फाइल उघडल्यावर पुष्कळदा अक्षरांऐवजी चिन्हांची गर्दी दिसते आणि मजकूर निकामी समजून टाकून दिला जातो. वास्तविक बहुतेक वेळा तो वाचवता येतो. त्यासाठी आधी बिघाडाचा प्रकार ओळखला पाहिजे.

संगणकाला अक्षर कळत नाही, क्रमांक कळतो. कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर, हा करार म्हणजे संकेतावली. भारतीय मानक संस्थेने १९९१ साली ‘इस्की’ ही संकेतावली प्रमाण म्हणून स्वीकारली. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती आली. युनिकोडमध्ये ‘क’चा क्रमांक २३२५ आहे. यूटीएफ-८ पद्धतीत तो २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत साठवला जातो. ‘डिचोली’ या शब्दात स्वरचिन्हांसह सहा संकेत आहेत. म्हणून त्याला अठरा बाइट लागतात.

बिघाडाचे तीन प्रकार

१) वाचण्याची चूक : मजकूर यूटीएफ-८ मध्ये आहे, पण संगणक तो विंडोज-१२५२ या पाश्चात्त्य संकेतावलीप्रमाणे वाचतो. मग ‘क’च्या जागी तिरकी रेघ डोक्यावर असलेला रोमन ‘ए’, चलनाचे चिन्ह आणि ठळक ठिपका अशी तीन चिन्हे दिसतात. देवनागरीच्या प्रत्येक संकेताचा पहिला बाइट २२४ असल्याने तो ‘ए’ ओळीभर पुन्हा पुन्हा येतो. हीच या प्रकाराची खूण. येथे मूळ मजकूर शाबूत असतो. फाइल उघडताना यूटीएफ-८ निवडावे. संकेतस्थळाचे पान असल्यास त्याच्या शीर्षभागात तशी नोंद करावी. चुकीची चिन्हे दिसत असताना फाइल पुन्हा जतन करू नये, अन्यथा बिघाड दुहेरी होतो.

२) फॉन्टवर अवलंबून असलेला मजकूर : कृतिदेव, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये देवनागरीचे केवळ चित्र असते, साठवली जातात रोमन अक्षरे. कृतिदेवमध्ये ‘भारत’ हा शब्द ‘एच, के, के, जे, आर’ असा साठतो. फॉन्ट नसेल तर तीच रोमन अक्षरे दिसतात. फॉन्ट घातल्यास मजकूर वाचता येतो, पण युनिकोडमध्ये टंकलेल्या शब्दाने तो शोधता येत नाही. त्यासाठी त्या विशिष्ट फॉन्टचाच परिवर्तक वापरून मजकूर युनिकोडमध्ये आणावा लागतो.

३) प्रश्नचिन्हे : देवनागरीला जागा नसलेल्या संकेतावलीत मजकूर जतन केला की प्रत्येक अक्षराच्या जागी ६३ क्रमांक, म्हणजे प्रश्नचिन्ह, बसते. मूळ क्रमांक पुसला गेल्याने यावर उपाय नाही. जुनी प्रत किंवा छापील कागदच शोधावा लागतो.

परिवर्तनानंतरचे वाचन

जुन्या फॉन्टमध्ये अक्षरे दिसण्याच्या क्रमाने साठतात, तर युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. ‘कि’ लिहिताना कृतिदेवमध्ये आधी वेलांटी, मग ‘क’. युनिकोडमध्ये आधी ‘क’. ‘धर्म’मधील रफार तेथे ‘म’नंतर, येथे ‘म’पूर्वी. परिवर्तक या जागी चुकू शकतो. ‘दऱ्या’ (डोंगरांमधल्या) आणि ‘दर्या’ (समुद्र) यांतील फरक तर यंत्राच्या हातून सहज निसटतो. म्हणून परिवर्तित मजकूर भाषा जाणणाऱ्याने ओळीगणिक वाचणे आवश्यक आहे.

उर्दूची अडचण वेगळी आहे. इनपेजमधील जुना मजकूर युनिकोडमध्ये आणल्यावरही अरबी ‘काफ’ (१६०३) आणि उर्दू ‘काफ’ (१७०५), अरबी ‘ये’ (१६१०) आणि उर्दू ‘छोटी ये’ (१७४०) यांची सरमिसळ राहू शकते. शब्दाच्या आरंभी दोन्ही ‘काफ’ सारखेच दिसतात. त्यामुळे ‘किताब’ डोळ्यांना एकच वाटली तरी काटेकोर शोधात सापडत नाही. उर्दू वाक्यांत अरबी क्रमांक बदलून उर्दू क्रमांक घालावेत. मात्र त्याच फाइलमध्ये कुरआनातील आयत किंवा अन्य अरबी उतारा असेल, तर तो या बदलातून वगळावा. तेथे अरबी अक्षरेच योग्य आहेत.

समारोप

कोणताही उपाय करण्यापूर्वी मूळ फाइलची प्रत वेगळी ठेवावी आणि तिच्यासोबत फॉन्टचे नाव लिहून ठेवावे. प्रथम एकच परिच्छेद दुरुस्त करून तपासावा, नंतर सर्व मजकूर घ्यावा व यूटीएफ-८ मध्ये जतन करावा. मराठी व उर्दू विभागांनी विद्यार्थ्यांकडून हे काम प्रकल्प म्हणून करून घेतल्यास शुद्धलेखनाचा सराव होईल आणि आपल्या परिसराविषयीचे लेखनही जपले जाईल. लिहिणारे हयात आहेत तोवर शंका त्यांना विचारता येतात, हे ध्यानात घेऊन हे काम लवकर हाती घ्यावे.