भाड्याचा जीपीयू: केवढा घ्यावा, किती तास घ्यावा?

सोयाबीन निघण्याच्या दिवसांत अकोला-अमरावतीकडच्या कोणत्याही रस्त्याने जा, शेतोशेती मळणीयंत्रे चालू दिसतील. यंत्र स्वतःचे असलेला शेतकरी विरळा; बहुतेकांचे काम भाड्यावर भागते, आणि भाडे पोत्यामागे ठरते. नाला खोल करायला जेसीबी बोलावला तर मात्र हिशेब तासावर. म्हणून शहाणा शेतकरी आदल्या दिवशीच काटेकुटे तोडून, चुन्याने आखणी करून ठेवतो. यंत्र धुऱ्यावर नुसते उभे राहिले तरी तास भरतच असतो. जीपीयू भाड्याने घेणे हा या दुसऱ्या जातीचा व्यवहार आहे.

आम्हांला त्याची गरज पडली ती कपाशीमुळे. २०१७ च्या खरिपात गुलाबी बोंडअळीने विदर्भातल्या कापसाचे किती नुकसान केले, हे इकडच्या शिक्षकांना सांगायला नको. अळी बोंडाच्या आत असते. दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून शेतात कामगंध सापळे लावून नर पतंग मोजतात. एका सापळ्यात एका रात्री ८ पतंग आणि असे सलग ३ रात्री, ही आर्थिक नुकसानीची पातळी धरली जाते. सापळ्याच्या फोटोवरून ही मोजणी संगणकाने करावी, हा विचार नवा नाही. मुंबईच्या वाधवानी एआय संस्थेने तसे मोबाइल अ‍ॅप केले आहे. आम्हांला मात्र हे काम पदवीच्या विद्यार्थ्यांकडून मुळापासून करून घ्यायचे होते. हाताशी होते २,००० फोटो आणि ५,००० रुपये.

आता हे जीपीयू प्रकरण काय आहे? साधा प्रोसेसर म्हणजे एखादा हुशार कारकून, अवघड कामे एकामागून एक उरकणारा. जीपीयू म्हणजे हजारो मुलांचा वर्ग; प्रत्येकाला फक्त गुणाकार आणि बेरीज येते, पण सगळी मुले एकाच वेळी गणित सोडवतात. पडद्यावरचे लाखो ठिपके रंगवण्यासाठी केलेली ही रचना चित्रे ओळखायला शिकवण्याच्या कामीही येते, कारण तिथेही असेच अगणित साधे गुणाकार असतात. अनेक छोट्या प्रोसेसरांना एकत्र जुंपण्याची कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली केलेला परम ८००० हा महासंगणक ट्रान्सप्युटर नावाच्या छोट्या प्रोसेसरांचा मिळून झाला होता, आणि त्या कामाचे प्रमुख डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे.

भाड्याच्या जाहिरातीत वेगाचे मोठमोठे आकडे असतात. पण पाहायची गोष्ट आधी वेगळीच आहे: जीपीयूची स्वतःची मेमरी. काम तिच्यात मावले नाही, तर वेग कितीही असो, ते सुरूच होत नाही. आणि हा हिशेब शाळेतल्या गुणाकाराने करता येतो. जाळे शिकते म्हणजे त्यातले काही आकडे, म्हणजेच प्राचल, हळूहळू दुरुस्त होत जातात. प्रत्येक प्राचलासाठी चार गोष्टी साठवाव्या लागतात: तो आकडा, त्याची दुरुस्ती आणि मागच्या दुरुस्त्यांच्या दोन चालू सरासऱ्या. प्रत्येकी ४ बाइट, म्हणजे एकूण १६. रेझनेट-५० या २०१५ पासून वापरात असलेल्या जाळ्यात सुमारे २ कोटी ५६ लाख प्राचल आहेत. त्यांना लागतात ४१ कोटी बाइट, म्हणजे अवघे ०.४ गीगाबाइट. यात एका वेळी घेतलेल्या चित्रांची मधली आकडेमोड मिळवली की आणखी काही गीगाबाइट. टी-४ या २०१८ सालच्या जीपीयूत १६ गीगाबाइट असतात. आमचे काम त्यात आरामात मावत होते. उलट ७०० कोटी प्राचलांचे भाषेचे जाळे असेच पूर्ण शिकवायचे म्हटले, तर ११२ गीगाबाइट हवेत, आणि ८० गीगाबाइटचा नामांकित एच-१०० सुद्धा एकटा पुरा पडत नाही. तेच शिकलेले जाळे नुसते वापरायचे असेल आणि प्रत्येक प्राचल अर्ध्या बाइटात दाबून बसवला, तर तो पसारा ३.५ गीगाबाइटवर येतो. शिकवणे आणि वापरणे यांतला हा फरक ध्यानात न आल्यामुळे बरेच पैसे वाया जातात, असे आमचे मत आहे.

लहान यंत्रावर काही होत नाही, हाही एक गैरसमज. चित्र ओळखण्याच्या संशोधनाला २०१२ साली कलाटणी देणारे अ‍ॅलेक्सनेट १२ लाख चित्रांवर शिकले, ते प्रत्येकी ३ गीगाबाइटच्या दोन जीपीयूंवर, पाचसहा दिवसांत. दोन्ही खेळ खेळण्यासाठी विकली जाणारी कार्डे होती.

मेमरी ठरली की मग तास. आमचे २,००० फोटो जाळ्याला ४० वेळा दाखवायचे, म्हणजे ८०,००० चित्रे. चाचणीत वेग भरला सेकंदाला सुमारे २० चित्रे. म्हणजे ४,००० सेकंद, एका प्रयोगाला एक तास सात मिनिटे. एका प्रयोगात काहीच साधत नाही. २५ धरले तर २८ तास. ताशी ५० रुपये भाडे असले तर १,४०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे आमच्या ५,००० रुपयांत काम होऊन पैसे उरायला हवे होते.

ते उरले नाहीत. एका शुक्रवारी संध्याकाळी सहाला प्रयोग संपला, सगळे घरी गेले, आणि यंत्र बंद करायचे राहिले. सोमवारी सकाळी दहाला लक्षात आले. ६४ तास, ३,२०० रुपये, वर कर. यंत्राने त्या वेळात एकही गुणाकार केला नाही. दोष सर्वस्वी आमचा. तेव्हापासून प्रयोगाच्या शेवटच्या ओळीतच यंत्र बंद करण्याची आज्ञा लिहून ठेवतो. यंत्र बंद केले तरी त्यावर ठेवलेल्या फायलींचे जागाभाडे चालू राहते, ही गोष्ट पुढच्या बिलाने शिकवली.

आखणी आधी करून ठेवणे इथे कसे लागू पडते तेही सांगतो. मोबाइलच्या एका फोटोत ४,००० गुणिले ३,०००, म्हणजे १ कोटी २० लाख ठिपके. आम्हांला हवा होता तो सापळ्याचा तुकडा, ६४० गुणिले ६४०, म्हणजे जेमतेम तिसावा हिस्सा. कापाकापी न करता मूळ फोटो चढवले, तेव्हा यंत्राचा बहुतेक वेळ फोटो उलगडण्यात जाई आणि जीपीयू उपाशी बसे. अशा वेळी पाचपट भाड्याचा जीपीयू घेतला तरी तोही उपाशीच बसणार. फोटो कापणे, पतंगांभोवती चौकटी आखणे, कार्यक्रमातल्या चुका काढणे ही सगळी कामे महाविद्यालयातल्या साध्या संगणकावर आधी करून घ्यावीत.

यंत्र विकतच का घेऊ नये? समजा, कार्ड आणि त्याला पेलणारा संगणक मिळून दीड लाख रुपये लागले. ताशी ५० रुपयांप्रमाणे ते ३,००० तासांचे भाडे झाले. आमच्यासारख्यांना तेवढे काम नसते. शिवाय आरटीएक्स ४०९० सारखे एक कार्ड भरात ४५० वॅट वीज खाते आणि तेवढीच उष्णता खोलीत सोडते. अकोल्याच्या मे महिन्यात, ४५ अंशांच्या पुढे, ती कुठे घालवायची?

स्वस्ताईच्या वाटाही आहेत. मोठ्या कंपन्या रिकामी यंत्रे बरीच स्वस्त देतात, मात्र केव्हाही परत घेण्याच्या अटीवर. अ‍ॅमेझॉनची आगाऊ सूचना दोन मिनिटांची असते. भारनियमन भोगलेल्या माणसाला यात नवल वाटू नये. दर दहा मिनिटांनी प्रगती फायलीत साठवली, की यंत्र गेले तरी काम जात नाही. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये इंडिया-एआय मिशनला १०,३७२ कोटी रुपये मंजूर केले. २०२५ च्या अखेरपर्यंत त्यात ३८,००० जीपीयू आले होते आणि अनुदानित सरासरी दर ताशी ६५ रुपये सांगितला गेला. एच-१०० च्या तोडीच्या यंत्रांना तो फार कमी आहे. विद्यार्थी आणि संशोधकही अर्ज करू शकतात. आमच्या कामाला मात्र एवढे मोठे यंत्र लागतच नव्हते. (तासागणिक बदलणाऱ्या दराची तीन दरपत्रके कार्यालयाला कशी द्यायची, हा प्रश्न आम्ही अजून सोडवलेला नाही.)

आणि सर्वांत स्वस्त वाट म्हणजे फुकटची. कॅगल या संकेतस्थळावर नोंदणी केलेल्याला आठवड्याला साधारण ३० तास जीपीयू मिळतो. आमचे २८ तास त्यात बसले असते! अखंड किती वेळ चालेल यावर तिथे मर्यादा असते, पण ती प्रगती साठवून ओलांडता येते. पुढच्या तुकडीला आम्ही तिथेच बसवले.

शिकून झालेले जाळे आता मोबाइलमध्ये आहे आणि दर्यापूरकडच्या शेतात नेटवर्क नसतानाही चालते. वाळलेली पाकळी त्याला अजून कधीकधी पतंग वाटते. त्यासाठी अशा पाकळ्या पडलेल्या सापळ्यांचे आणखी दोनतीनशे फोटो हवे आहेत. ते विद्यार्थी येत्या खरिपात काढणार आहेत.