'यू हॅड बेटर' हा सल्ला की धमकी? इंग्रजीत सल्ला देताना मराठी माणूस नेमका कुठे अडकतो

समजा, ऑफिसच्या ग्रुपवर साहेबांनी विचारलं, क्लायंटला प्रेझेंटेशन आज पाठवू की सोमवारी? टीममधल्या नव्या मुलाने लगेच उत्तर टाकलं: 'यू हॅड बेटर सेंड इट टुडे.' त्याच्या मनात होतं, 'आज पाठवलेलं बरं'. साहेबांनी वाचलं ते असं: 'आज पाठवा, नाहीतर बघा.'

व्याकरणाच्या दृष्टीने वाक्यात एकही चूक नाही. गोची अर्थाची आहे. 'बेटर' दिसलं की आपल्याला 'अधिक चांगलं' आठवतं. पण 'हॅड बेटर'मध्ये दोन गोष्टींची तुलना नसतेच. 'हे केलं नाही तर काहीतरी वाईट होईल' असा इशारा त्यात दडलेला असतो. आई मुलाला 'यू हॅड बेटर फिनिश युअर होमवर्क' म्हणते तेव्हा पुढची शिक्षा न सांगताही कळते. आभाळ भरून आलेलं असताना मित्राला 'यू हॅड बेटर टेक ॲन अंब्रेला' म्हटलं तर चालतं, कारण तिथे वाईट होणार ते पावसामुळे. स्वतःबद्दल तर ते अगदी निर्धास्त वापरता येतं. 'आय हॅड बेटर गो' म्हणजे 'चला, निघायला हवं'. वरिष्ठाला, ग्राहकाला किंवा नुकतीच ओळख झालेल्या माणसाला मात्र हे वाक्य टाळलेलं बरं. आपल्याकडे त्यातला 'हॅड' गाळून 'यू बेटर डू इट' म्हणतात, ते तर आणखी टोचतं.

त्या मुलाला जे म्हणायचं होतं, त्यासाठी इंग्रजीत साधं वाक्य आहे: 'इट माइट बी बेटर टू सेंड इट टुडे.' शब्द जवळपास तेच, पण धमकी गायब.

मराठीतला 'ना' इंग्रजीत कुठे जातो?

मराठी माणूस उद्धट नसतो, पण त्याचं इंग्रजी कधी कधी तसं ऐकू येतं. 'डॉक्टरांकडे जा' हा हुकूम आहे, 'जा ना डॉक्टरांकडे' ही काळजी आहे, 'जाऊन तर ये की जरा' ही गळ आहे. ना, की, जरा, बघ, बरं का... आपला सगळा मऊपणा या छोट्या शब्दांत असतो. उरलेलं काम 'तुम्ही' आणि 'करा' करतात. इंग्रजीत आदरार्थी सर्वनाम नाही, आजोबांनाही 'यू' आणि नातवालाही 'यू'. 'ना'ला तर प्रतिशब्दच नाही. त्यामुळे भाषांतर करताना हा सगळा मऊपणा वाटेतच गळतो आणि उरतं ते कोरडं 'गो टू द डॉक्टर'.

इंग्रजी हे काम क्रियापदाकडून करून घेतं. 'कॅन'चं 'कुड' होतं, 'विल'चं 'वुड', 'मे'चं 'माइट'. ही रूपं मुळात भूतकाळाची, पण इथे ती काळ दाखवत नाहीत. ती बोलणारा आणि ऐकणारा यांच्यात थोडं अंतर ठेवतात, म्हणजे समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा मिळते. विचित्र वाटतंय? आपणही हेच करतो. दुकानात गेल्यावर 'मला शर्ट बघायचा होता' म्हणतो. बघायचा तर आत्ताच असतो, मग 'होता' कशाला? 'आहे' म्हटलं तर जरा थेट वाटतं म्हणून.

पेनेलोप ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन या भाषाशास्त्रज्ञांचा १९८७ सालचा विनम्रतेवरचा ग्रंथ या विषयात पायाभूत मानला जातो. त्यांच्या मांडणीत सल्ला हा समोरच्याच्या स्वातंत्र्यात केलेला हस्तक्षेप ठरतो. 'तू काय करावंस ते मला जास्त कळतं' हे त्यात न बोलताही येतं. म्हणून तर चांगला सल्लाही कधी कधी झोंबतो, मराठीतसुद्धा.

मस्ट, शुड, कुड: फरक किती मोठा?

कागदावर बघितला तर खूप मोठा. ब्रिटनच्या रस्ता वाहतुकीच्या नियमपुस्तिकेत, म्हणजे 'हायवे कोड'मध्ये, 'मस्ट' लिहिलं असेल तिथे मागे कायदा असतो आणि ते मोडणं हा गुन्हा ठरतो. 'शुड' असेल तिथे तो सल्ला असतो. तिकडे लायसन्स काढणाऱ्या प्रत्येकाला हा फरक माहीत असावा लागतो. इंटरनेटचं तंत्र ज्या दस्तऐवजांवर चालतं, त्यांच्यासाठीही १९९७ मध्ये 'आरएफसी २११९' नावाच्या टिपणाने हे शब्द व्याख्येत बांधले. 'मस्ट' म्हणजे अट, 'शुड' म्हणजे सबळ कारण असेल तरच सोडता येईल अशी शिफारस, 'मे' म्हणजे ऐच्छिक.

बोलण्यात इतकी कडक विभागणी नसते, पण चढण तीच असते. 'यू मस्ट चेंज युअर जॉब' ही सक्ती वाटते. 'यू शुड' म्हणजे 'तू करायला हवंस', बरोबरीच्या मित्राला ठीक. 'यू कुड लुक फॉर अनदर जॉब' म्हणजे 'हाही एक मार्ग आहे बघ'. 'यू माइट वॉन्ट टू' त्याहून मऊ. पण इथे सावध राहा. लंडनमधल्या बॉसने 'यू माइट वॉन्ट टू चेक दीज नंबर्स अगेन' असं लिहिलं, तर बहुतेक वेळा त्याचा अर्थ 'आकडे चुकलेत, आधी दुरुस्त कर' असा असतो. मऊ शब्द बघून ते ऐच्छिक समजू नका.

'मस्ट'ला एक गोड अपवाद आहे. खाणं, फिरणं, सिनेमा असा आनंदाचा विषय असेल तर तो शब्द प्रेमळ होतो. 'यू मस्ट ट्राय द मिसळ हिअर' यात कुणाला जबरदस्ती वाटत नाही.

खरा घोळ होतो तो नकारात. 'यू मस्ट नॉट' म्हणजे मनाई. 'यू डोन्ट हॅव टू' म्हणजे गरज नाही. मराठीत 'घ्यायलाच पाहिजे असं नाही' या वाक्यात 'पाहिजे'ही आहे आणि 'नाही'ही, त्यामुळे घाईत त्याचं 'मस्ट नॉट' होऊन जातं. आता हेच औषधाबद्दल बोलताना करून बघा. 'यू मस्ट नॉट टेक इट आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतर ही गोळी घेऊच नका. 'यू डोन्ट हॅव टू टेक इट आफ्टर फूड' म्हणजे जेवणानंतरच घ्यावी असं काही नाही. शेजारच्या अमराठी आजींना गोळ्या समजावून सांगताना एवढी चूक परवडणारी नाही.

सगळ्यात कामाचं वाक्य

एकच वाक्य पाठ करायचं असेल तर ते 'इफ आय वेअर यू'. मी तुझ्या जागी असतो तर. 'आय'नंतर 'वॉज'ऐवजी 'वेअर' येतं, कारण ही निव्वळ कल्पना आहे, मी तू होऊच शकत नाही. (बोलताना 'वॉज' म्हणणारेही भरपूर आहेत, पण लिहिताना 'वेअर'च ठेवा.) पुढे 'आयड' येतं, म्हणजे 'आय वुड'चं लहान रूप: 'इफ आय वेअर यू, आयड टॉक टू हर फर्स्ट.' गंमत म्हणजे रोजच्या बोलण्यात पहिला तुकडा अनेकदा गाळलाच जातो. कुणी स्टेशनवर कसं जायचं विचारलं की उत्तर येतं, 'आयड टेक द मेट्रो.' हा सल्लाच आहे, पण वाक्यात 'यू' कुठेच नाही. सांगणारा फक्त स्वतःबद्दल बोलतोय, त्यामुळे झोंबण्याचा प्रश्नच येत नाही.

प्रश्न विचारूनही सल्ला देता येतो. 'हॅव यू ट्राइड रीस्टार्टिंग इट?' किंवा 'व्हाय डोन्ट यू आस्क हिम?' यातल्या दुसऱ्या वाक्याचा काळ मात्र सांभाळा. 'व्हाय डिडन्ट यू आस्क हिम?' झालं की तो सल्ला उरत नाही, उलटतपासणी होते.

'यू शुड हॅव'चंही तसंच. 'यू शुड हॅव चेक्ड द लिंक', म्हणजे 'लिंक तपासायला हवी होतीस'. ऑनलाइन फसवणुकीत ज्याचे पैसे आत्ताच गेलेत त्याला हे ऐकवून काय मिळणार? इथे 'कुड' आणि 'माइट'सुद्धा नको. 'कॉल १९३० राइट नाउ' हा सरळ हुकूमच योग्य. १९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे आणि तक्रार जितकी लवकर जाईल तितकी पैसे वाटेत गोठवले जाण्याची शक्यता जास्त असते. तिथे नम्रपणात घालवलेली पाच मिनिटंसुद्धा महाग पडतात.

मऊपणा किती महाग पडू शकतो, याचं एक उदाहरण विमान वाहतुकीत कायम दिलं जातं. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनहून बर्फवृष्टीत निघालेलं एअर फ्लोरिडाचं विमान उड्डाणानंतर लगेच पोटोमॅक नदीवरच्या पुलाला धडकून नदीत कोसळलं. पुलावरच्या चौघांसह ७८ जण गेले. इंजिनाचे आकडे बरोबर वाटत नाहीत, असं सहवैमानिकाने धावपट्टीवर पुन्हा पुन्हा सुचवलं होतं. पण उड्डाण थांबवा, असं तो ठणकावून म्हणाला नाही. कनिष्ठाने वरिष्ठाला धोका स्पष्ट शब्दांत कसा सांगावा, याचा सराव आता वैमानिकांच्या प्रशिक्षणात करून घेतला जातो.

'सजेस्ट मी अ गुड फोन'

सोशल मीडियावर रोज दिसणारं हे वाक्य 'मला चांगला फोन सुचवा'चं शब्दशः इंग्रजी आहे. 'सजेस्ट'नंतर थेट 'मी' बसत नाही. 'कॅन यू सजेस्ट अ गुड फोन?' एवढं पुरतं. 'आय सजेस्ट यू टू गो' हेही चूक, 'आय सजेस्ट यू गो' बरोबर. 'ॲडव्हाइज'ला मात्र 'टू' लागतो: 'आय ॲडव्हाइज यू टू गो.' पण ही वकिलाची किंवा डॉक्टरांची भाषा झाली, चहाच्या टपरीवर ती जड वाटेल.

मराठीत 'एक सल्ला देऊ का?' म्हणतो, म्हणून इंग्रजीत 'ॲन ॲडव्हाइस' होतं. तिकडे 'ॲडव्हाइस' पाण्यासारखा आहे, मोजता येत नाही. 'सम ॲडव्हाइस' म्हणा, नाहीतर 'अ पीस ऑफ ॲडव्हाइस'. उच्चारही वेगळे आहेत: नाम असेल तर शेवटी 'स', क्रियापद असेल तर 'झ'.

आणि 'डू वन थिंग'? हे आपल्या 'एक काम कर'चं भाषांतर. भारतात ते सगळ्यांना कळतं आणि त्याला चूक म्हणून हिणवण्यात काही अर्थ नाही. मात्र परदेशातला माणूस ते ऐकून नेमकी कोणती एक गोष्ट, याची वाट बघत बसतो आणि तुम्ही तोवर तीन गोष्टी सांगून मोकळे झालेले असता.

समोरचा रडवेला असेल तर कोणतंच वाक्य वापरण्याची घाई नको. 'डू यू वॉन्ट ॲडव्हाइस, ऑर डू यू जस्ट वॉन्ट मी टू लिसन?' असं आधी विचारता येतं. बरेचदा माणसाला फक्त बोलायचं असतं. सल्ला दिल्यावर 'थँक्स, आय विल बेअर दॅट इन माइंड' असं उत्तर आलं, तर त्याचं मराठी 'लक्षात ठेवीन' असं होतं खरं, पण इंग्रज माणूस ते अनेकदा आपल्या 'बघू' इतक्याच अर्थाने म्हणत असतो.