फळ्यासमोर एकटीनं उभं राहण्याआधी

मैत्रिणींनो, भाकरी थापायला तुम्ही कोणत्या पुस्तकावरून शिकलात? प्रश्न वेडगळ वाटेल, पण आठवून पाहा. पीठ किती मळायचं, हात कसा फिरवायचा, तवा तापला हे कसं ओळखायचं, हे सगळं आई नाहीतर सासूबाईंच्या शेजारी बसूनच हाताला आलं ना? पहिल्या चार भाकऱ्या फाटल्या असतील. पण घरात कुणी उपाशी राहिलं नाही, कारण शेजारी जाणतं माणूस बसलेलं होतं.

डॉक्टरांचंही तसंच. एम.बी.बी.एस.ची परीक्षा झाली की वर्षभर इंटर्नशिप, आणि पुढे एम.डी. करायचं तर तीन वर्षं रुग्णालयात रेसिडेंट म्हणून वरिष्ठांच्या हाताखाली काम. त्या काळात विद्यावेतन मिळतं. नुसती पुस्तकं वाचून आलेल्या डॉक्टरच्या हाती आपण आपलं मूल देणार नाही. पण शाळेत? पदवीचा कागद हातात पडला की दुसऱ्या दिवशी साठ मुलांचा वर्ग, खडू आणि हजेरीपट देऊन बाईंना आत पाठवायचं आणि दार ओढून घ्यायचं! मग त्या बाई शिकतात खऱ्या, पण त्यांची फाटलेली भाकरी पहिल्या वर्षीची मुलं खातात.

मी स्वतः बी.ए. झालेली, घरसंसार सांभाळून अर्धवेळ शिकवणारी. त्यामुळे हा विषय माझ्या जवळचा. अमेरिकेत यावर एक उपाय गेली वीस-पंचवीस वर्षं चालू आहे. त्याची माहिती घेताना वाटलं, हे आपल्या मैत्रिणींना सांगायलाच हवं.

डॉक्टरांकडून उसनं घेतलेलं नाव

या पद्धतीला तिकडे 'टीचर रेसिडेन्सी' म्हणतात. नाव सरळ डॉक्टरांच्या रेसिडेन्सीवरून घेतलेलं. 2001 साली शिकागोत आणि 2003 साली बॉस्टनमध्ये असे वर्ग सुरू झाले. मोठ्या शहरांतल्या गरीब वस्त्यांमधल्या शाळांना शिक्षक मिळत नसत. मिळाले तर दोन-तीन वर्षांत सोडून जात. गणित आणि विज्ञानाचे शिक्षक तर दिवा घेऊन शोधावे लागत. तेव्हा शाळा चालवणाऱ्यांनी ठरवलं, की आपल्याला हवे तसे शिक्षक आपणच घडवायचे.

प्रवेश कुणाला? कोणत्याही विषयातल्या पदवीधराला. आधी शिक्षणशास्त्राची पदवी हवी असं नाही. कालपर्यंत कचेरीत काम करणारी, मुलं थोडी मोठी झाल्यावर पुन्हा काही करू पाहणारी, अशीही यात येऊ शकते.

वर्ष कसं जातं?

बॉस्टनचंच उदाहरण घेऊ. शाळा सुरू होते त्या दिवसापासून शेवटच्या घंटेपर्यंत, पूर्ण शैक्षणिक वर्ष, शिकाऊ शिक्षिका एकाच अनुभवी शिक्षिकेच्या वर्गात असते. आठवड्यातले चार दिवस वर्गात आणि उरलेल्या वेळात अभ्यासक्रमाचे तास. सोमवारी वर्गात अडलं ते शुक्रवारी तासाला विचारायचं आणि तिथे शिकलेलं पुन्हा सोमवारी वर्गात करून पाहायचं. शिकणं आणि करणं यांत अंतरच पडत नाही.

सुरुवातीला काम छोटं असतं. मुलांची नावं पाठ करायची, चार-पाच मुलांना घेऊन वाचन घ्यायचं, मोठ्या बाई गोंगाट कसा शमवतात ते बघायचं. मग एखादा तास, मग एखादा विषय, आणि वर्ष सरत येता येता सबंध दिवस तिच्याकडे. शिकवून झालं की दोघी बसतात. कुठे मुलं हरवली, कोणता प्रश्न चुकीचा विचारला गेला, मागच्या बाकावरचा मुलगा का गप्प होता, याची चर्चा होते. हे बसणं फार मोलाचं, बरं का! वर्गातले किती बारकावे असे असतात, की जे कुणी दाखवल्याशिवाय दिसतच नाहीत.

वर्षाअखेर हातात शिक्षणशास्त्रातली मास्टर्सची पदवी आणि शिकवण्याचा परवाना. पुढच्या वर्षी स्वतःचा वर्ग.

पैशाचं गणित

आता आपण बायका आधी जे विचारू, ते. या वर्षभरात खायचं काय?

तर शिकाऊ शिक्षिकेला विद्यावेतन मिळतं. पूर्ण पगाराएवढं नसतं, तो फार तर अर्धामुर्धा आधार. बॉस्टनमध्ये शिकवणीच्या खर्चाचं कर्ज देत आणि पुढे तीन वर्षं त्या शहराच्या शाळांत शिकवलं की ते माफ करत. शिकवणाऱ्या अनुभवी बाईंनाही त्याबद्दल वेगळं मानधन. 2008 साली अमेरिकेच्या उच्च शिक्षणाच्या कायद्यात अशा वर्गांना केंद्र सरकारचं अनुदान देण्याची तरतूद झाली. तिथेही अट अशीच: एक वर्ष विद्यावेतन घ्या, पण नंतर निदान तीन वर्षं गरजू शाळेत शिकवा. मध्येच सोडलं, तर पैसे परत करा.

मला सर्वांत आवडली ती टेनेसी राज्यातली तऱ्हा. तिथल्या क्लार्क्सव्हिल-माँटगोमेरी या शाळाजिल्ह्यानं ऑस्टिन पी विद्यापीठाच्या मदतीनं शाळेतल्या मदतनिसांना, म्हणजे वर्गात बाईंच्या हाताखाली काम करणाऱ्यांना, शिक्षक करायचं ठरवलं. मदतनीस म्हणून पगार चालू, शाळेतलं काम चालू आणि पदवीचं शिक्षण फुकट. जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेच्या कामगार खात्यानं याला रीतसर उमेदवारीचा दर्जा दिला. सुतार, वीजतंत्री यांच्यासारखी शिक्षकाची उमेदवारी! वर्षानुवर्षं मुलांची नाकं पुसणारी, डबे उघडून देणारी, पण 'बाई' म्हणून फळ्यासमोर कधी न गेलेली स्त्री जर या वाटेनं शिक्षिका होत असेल, तर ही वाट पाहण्यासारखी आहे, नाही का?

फायदा होतो का?

नुसतं कौतुक करून भागायचं नाही. बॉस्टनच्या शिक्षकांचा 2011 साली नीट अभ्यास झाला. पहिली गोष्ट, टिकण्याची. पाचव्या वर्षी रेसिडेन्सीतून आलेल्यांपैकी शेकडा 75 शिकवत होते. इतर वाटांनी आलेल्या नव्या शिक्षकांपैकी शेकडा 51. दुसरी गोष्ट मात्र चकित करणारी. सुरुवातीला गणितात या शिक्षकांच्या मुलांची प्रगती इतर नव्या शिक्षकांच्या मुलांपेक्षा कमीच होती! पण ते झपाट्यानं सुधारत गेले आणि चौथ्या-पाचव्या वर्षी गणितात जुन्या मुरलेल्या शिक्षकांनाही मागे टाकू लागले. म्हणजे वर्षभराच्या सोबतीनं कुणी जादूगार होत नाही. पण शिकत राहण्याची सवय लागते आणि माणूस पळून जात नाही.

उणिवाही सांगते. विद्यावेतन तुटपुंजं आणि शहरं महागडी, तेव्हा पाठीशी कुणाची कमाई नसेल तर ते वर्ष काढणं कठीण. एका बाईंच्या वर्गात एकच शिकाऊ, म्हणून संख्या थोडीच राहते. शिवाय अनुदानावर उभी राहिलेली गोष्ट अनुदानाबरोबर डळमळते. फेब्रुवारी 2025 मध्ये तिथल्या केंद्र सरकारनं शिक्षक-प्रशिक्षणाची बरीच अनुदानं एकाएकी थांबवली. प्रकरण कोर्टात गेलं आणि एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं, दावा चालू असेपर्यंत, ती थांबलेलीच राहू दिली. वर्षाच्या मध्यावर घरखर्चाचा आधार सुटणं म्हणजे काय, हे तुम्हांआम्हांला कुणी समजावून सांगायला नको.

आणि आपल्याकडे?

शिकता शिकता बाईमाणसाला पायावर उभं करायचं, ही कल्पना आपल्याला परकी नाही. पुण्यात 1909 साली रमाबाई रानडे यांच्या पुढाकारानं सेवासदन उभं राहिलं. तिथल्या वसतिगृहात राहून किती विधवा आणि परित्यक्ता शिक्षिका झाल्या! 1958 पासून केंद्रीय समाजकल्याण मंडळानं, लहानपणी शाळा सुटलेल्या प्रौढ स्त्रियांसाठी संक्षिप्त अभ्यासक्रम सुरू केले, तेही याच जाणिवेतून.

आजची स्थिती अशी. बी.एड. 2015 पासून दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत काम करावं लागतं. ही चांगली गोष्ट. पण दोन वर्षं फी भरायची, येण्याजाण्याचा खर्च करायचा आणि हाती काही यायचं नाही. आमच्या आळीतल्या एका मैत्रिणीनं दोन मुलं, सासूबाईंचं आजारपण आणि यजमानांचं छोटं दुकान हे सगळं मांडून पाहिलं आणि प्रवेशअर्ज कपाटात ठेवून दिला. तिच्यात शिकवण्याची हौस नव्हती असं नाही. हिशेब जुळला नाही, एवढंच.

आपल्याकडे 2000 सालापासून 'शिक्षण सेवक' आहेत, हे तुम्हांला ठाऊक असेल. पहिली तीन वर्षं ठराविक मानधन, मग नियमित वेतनश्रेणी. 2023 पासून प्राथमिकला महिना 16,000 आणि माध्यमिकला 18,000 रुपये झाले. वरवर हे रेसिडेन्सीसारखं दिसतं, पण फरक मोठा आहे. शिक्षण सेवक पहिल्या दिवसापासून पूर्ण वर्गाला एकटा जबाबदार असतो. पैसे शिकाऊचे, काम पूर्ण शिक्षकाचं! रेसिडेन्सीत पैसे कमी मिळतात ते शेजारी कुणी शिकवणारं असतं म्हणून. आपल्याकडे कमी पैसे आहेत, पण ते शेजारचं माणूस नाही.

आपल्या हातात काय आहे?

सरकार करील तेव्हा करील. तोवर शिक्षिका व्हायचं मनात असेल, तर काही गोष्टी आपण करू शकतो.

बी.एड. किंवा डी.एल.एड.ला प्रवेश घेण्याआधी कॉलेजला तीन प्रश्न विचारा. शाळेतल्या कामासाठी कोणत्या शाळेत पाठवता? त्या वर्गात माझ्याबरोबर कोण असणार? माझा पाठ पाहून माझ्याशी बोलणार कोण? उत्तर 'ते होईल हो' असं आलं, तर दुसरं कॉलेज पाहा. पहिली ते आठवीसाठी टी.ई.टी. परीक्षाही लागते, ती हिशेबात धरा.

शाळेत रुजू झाल्यावर एक चांगली शिक्षिका हेरा. आठवड्यातून एक मोकळा तास तिच्या वर्गात मागच्या बाकावर बसा. फळ्याकडे बघू नका, मुलांकडे बघा. मग तिला आपल्या वर्गात बोलवा आणि आधीच एकच गोष्ट सांगा, 'मी प्रश्न विचारल्यावर किती वेळ थांबते ते बघा'. नंतर चहाच्या कपाबरोबर दहा मिनिटं बोला. याला पैसा लागत नाही. थोडी भीड मात्र सोडावी लागते.

घरातही हिशेब उघडा मांडा. दोन वर्षांची फी, प्रवास, पुस्तकं, आणि त्या काळात घरातली कोणती कामं कोण उचलणार, हे कागदावर लिहून यजमानांसमोर आणि सासूबाईंसमोर ठेवा. नुसतं 'मला शिकायचंय' म्हटलं की 'आता या वयात?' असं उत्तर येतं. आकडे समोर असले की निदान बोलणं आकड्यांवर होतं.

आणि तुमच्यापैकी ज्या आज मुरलेल्या शिक्षिका आहेत, त्यांना एकच विनंती. जूनमध्ये शाळेत एखादी नवी, बावरलेली मुलगी रुजू झाली, तर तिच्या वर्गाचं दार ओढून घेऊ नका. चार दिवस तिच्या मागच्या बाकावर जाऊन बसा. तेवढी रेसिडेन्सी आपण आजही देऊ शकतो.